गाडी उलाळ झालीय, शॉकअप बदलून ती सरळ होणार नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सात सीटर गाडी, इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना असलेली, तीन वर्षं वापरलेली. रोज गावात एकट्यानं चालवताना काही तक्रार नाही. गणपतीला मात्र घरचे सात जण, भरलेली डिकी आणि वर कॅरिअर घेऊन कराडहून चिपळूणला निघालात की पाटणच्या पुढं गाडी परकी वाटायला लागते. स्टेअरिंग तरंगतं. कुंभार्ली घाटाच्या वळणात फिरवलं की क्षणभर काही होत नाही, मग गाडी एकदम कलते आणि शेपूट मारते. पोफळीला उतरेपर्यंत ब्रेकचा वास येतो, पॅडल खोल जातं. रात्री समोरचे सगळे डिपर मारतात. एका गॅरेजनं चारही शॉकअप आणि रुंद टायर सांगितलेत. करू का?

आत्ता नका करू. मी २६ वर्षं सस्पेन्शन आणि अलाइनमेंटचंच काम करतो आणि तुमच्या पाचही तक्रारी वाचताना मला एकच शब्द आठवला, तो माझ्या वडिलांचा: उलाळ.

वडील हंगामात बैलगाडीनं कारखान्याला ऊस घालायचे. दोन चाकांची गाडी. मोळ्या मागं जास्त पडल्या की जू वर उचललं जायचं, बैलांच्या गळ्याला जोत्याची पट्टी काचायची. ती गाडी उलाळ. पुढं जास्त पडल्या की सगळा भार बैलांच्या मानेवर. म्हणून गाडी भरून झाली की ते बैल जुंपायच्या आधी जू एका हातानं उचलून बघायचे. जड लागलं तर चार मोळ्या मागं, आपोआप वर आलं तर चार मोळ्या पुढं. टनभर ऊस आणि एका हाताची परीक्षा. आपण चारचाकी घेतली आणि ही परीक्षा सुटली, कारण चार चाकांवरची गाडी उलाळ झाली तरी उभीच राहते. ती चालवताना कळते.

गेल्या वर्षी तुमच्यासारखीच गाडी आणि तशीच तक्रार घेऊन एक गिऱ्हाईक आलं होतं. मी त्यांना म्हटलं, निघायच्या दिवशी सगळ्यांना बसवून, सगळं सामान भरून इकडे या, आपण वजनकाट्यावर जाऊ. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, आकडा लिहिला; मग पूर्ण गाडी. दोन्हींतला फरक म्हणजे मागचं वजन. रिकामी गाडी होती १२०० किलो: पुढं ७००, मागं ५००. भरलेली निघाली १८१० किलो: पुढं ८१०, मागं १०००.

हे आकडे नीट बघा. ६१० किलो गाडीत चढले, त्यातले ११० पुढं गेले आणि ५०० मागं. मागच्या एक्सलवरचा भार थेट दुप्पट झाला. शिवाय त्या गाडीला कंपनीनं ठरवून दिलेलं कमाल वजन १७५० होतं, म्हणजे ६० किलो वरचेच. सात माणसं बसली की साडेचारशे किलो तिथंच संपतात. सामानाला उरतात शंभर. सात सीटर गाडीत सात माणसं आणि सात जणांचं सामान दोन्ही मावतं, पण पेलतं असं नाही, हे विकताना कुणी सांगत नाही.

आता मागं एवढं कसं गेलं? पहारीनं दगड उचलतो तोच हिशेब आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये ठेवलेलं वजन दोघांत वाटलं जातं. पण मागच्या चाकांच्या मागं ठेवलेलं वजन पहारीसारखं काम करतं: मागचा एक्सल हा टेकू, आणि पुढचा भाग उचलला जातो. त्या गाडीच्या डिकीत ९० किलो होते, मागच्या एक्सलपासून साधारण ६० सेंटिमीटर मागं. दोन एक्सलमधलं अंतर पावणेतीन मीटर. त्या ९० किलोंनी मागच्या चाकांवर ११० किलो टाकले आणि पुढच्या चाकांवरचे २० काढून घेतले. डिकीतल्या पंचवीस किलो तांदळाचं मागच्या चाकांना तीस किलो लागतं, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लोक म्हणतात ‘तोंड हलकं झालं’. काट्यावर तोंड हलकं झालेलं नाही, ११० किलोंनी वाढलंच आहे. झालंय ते असं की आधी गाडीच्या वजनाचा ५८ टक्के वाटा पुढच्या टायरवर होता, आता ४५ टक्के. पुढचे टायर जवळपास तेवढेच दाबलेले, आणि त्यांच्यामागं दीडपट गाडी. ओढही त्यांनाच, दिशाही त्यांनाच द्यायची. परतीला पावसात घाट चढताना वळणावर पुढची चाकं जागेवर फिरली असतील तर त्याचं कारण हेच. चढावर आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर भार आणखी मागं सरकतो.

वळणातला तो झोल जरा उलगडून सांगतो. स्टेअरिंग फिरवलं की पुढचे टायर लगेच वळतात. पण गाडी वळणात तेव्हाच बसते जेव्हा मागचे टायरही बाजूला जोर धरतात. मागं एक हजार किलो आणि टायरमध्ये रोजचीच हवा असेल तर टायरची भिंत आधी दुमडते, स्प्रिंग दबते, मग पकड येते. हा तुमचा ‘क्षणभर काही होत नाही’ वाला क्षण. तोवर तुम्ही घाबरून स्टेअरिंग आणखी फिरवलेलं असतं, आणि मग दोन्हीचा परिणाम एकत्र येतो. शिवाय जड वस्तू गाडीच्या टोकाला असली की गाडी एकदा फिरायला लागल्यावर थांबायला वेळ घेते. दोरीवरून चालणारी पोर हातात लांब काठी का धरते? टोकांकडं गेलेलं वजन पटकन फिरत नाही म्हणून. तिला तेच हवं असतं. घाटात डावं वळण संपून लगेच उजवं येतं, तिथं आपल्याला नेमकं उलट हवं असतं.

यात तुम्ही वळणाच्या मध्येच ब्रेक मारला तर? ब्रेक मारला की भार पुढं धावतो. १८१० किलोच्या या गाडीत मध्यम जोराच्या ब्रेकला सव्वादोनशे किलोच्या आसपास भार मागच्या चाकांवरून पुढच्यांवर जातो. म्हणजे वळणात शेपूट सांभाळणाऱ्या टायरवरचा दाब ऐन वेळी कमी होतो, पण शेपटीचं वस्तुमान तेवढंच राहतं. शेपूट मारणं म्हणतात ते इथं घडतं. म्हणून भरलेली गाडी वळणाच्या आधी, सरळ असतानाच हळू करायची आणि वळणात पाय हलका ठेवायचा. रिकाम्या गाडीत ही चूक खपून जाते, म्हणूनच तिची सवय लागते.

आता कॅरिअर. त्या गाडीच्या टपावर ७० किलो होते, कॅरिअर धरून. ७० किलो म्हणजे अठराशेत काहीच नाही असं वाटतं. पण ते जमिनीपासून पावणेदोन मीटरवर आहेत. गाडीचा गुरुत्वमध्य साठ-पासष्ट सेंटिमीटरवर असतो, तो तेवढ्यानं चार सेंटिमीटर वर गेला. वळणात गाडी कलते ती जमिनीपासून नाही, सस्पेन्शनच्या भूमितीनं ठरलेल्या, जमिनीपासून थोड्याच वर असलेल्या एका बिंदूभोवती. त्या बिंदूपासून गुरुत्वमध्यापर्यंतचा हात साधारण दहाव्या हिश्शानं लांबला. वर वजन वाढलं ते वेगळंच. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत टपावरच्या वजनाची मर्यादा छापलेली असते, बहुतेक घरगुती गाड्यांना ती ५० ते ७५ किलो आणि अनेकदा कॅरिअरच्या वजनासकट. दूधवाले बघा. मोटरसायकलवर चाळीस-चाळीस लिटरचे कॅन दोन्ही बाजूंना चाकाच्या उंचीवर टांगतात, सीटवर कुणी चढवत नाही. कुणी शिकवलं नाही त्यांना, रोज चालवून कळलंय.

कलल्यानं बिघडतं काय, हाही प्रश्न येतो. तीस मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ४० नं गेलात तर गाडीच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त जोर बाहेरच्या बाजूला लागतो. ५० नं गेलात तर तोच पासष्ट टक्क्यांवर जातो. वेग दहानं वाढला, जोर दीडपट. या जोरानं आतल्या टायरवरचा भार बाहेरच्या टायरवर जातो. त्या गाडीत सरळ रस्त्यावर मागच्या प्रत्येक टायरवर ५०० किलो होते. चाळीसच्या वेगात तशा वळणात बाहेरच्या टायरवर ते पावणेसातशेच्या घरात जातात आणि आतल्यावर सव्वातीनशे उरतात. बेरीज तीच, मग पकड का कमी होते? कारण टायरची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट झाला तर पकड दुपटीपेक्षा कमी वाढते. जोडीतल्या एका बैलावर सगळी ओढ आली आणि दुसरा नुसता चालतोय, तर जोडीची ताकद पूर्ण मिळत नाही, तसंच. गाडी जितकी उंच भरलेली, तितकी ही वाटणी विषम.

टायरच्या भिंतीवर मापापुढं एक आकडा असतो, ८८ किंवा ९१ असा. तो भाराचा सांकेतांक. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५, आणि तेही हवा पूर्ण असताना. वळणात क्षणभर त्याच्या वर गेल्यानं टायर फुटत नाही, पण कमी हवेत तासभर दबून चालल्यानं आतून तापतो, आणि तो धोका खरा आहे. म्हणून रुंद टायर घ्यायच्या आधी ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरची पट्टी वाचा. तिथं हवेचे दोन वेगळे आकडे असतात, कमी माणसांसाठी आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. पूर्ण भरलेल्या गाडीला मागच्या टायरमध्ये काही पीएसआय जास्त सांगितलेले असतात. माझ्याकडं येणाऱ्या भरलेल्या गाड्यांत बहुतेकांची चारही टायरची हवा सारखी असते. हवा टायर थंड असताना भरा, पंपापर्यंत वीस किलोमीटर पळवून नको.

ब्रेकच्या वासाकडं येतो, कारण तुमच्या तक्रारींतली मला सगळ्यात काळजीची तीच वाटते. गाडी उंचावरून खाली येते तेव्हा तिची उंचीची ऊर्जा कुठंतरी जावी लागते. अठराशे किलोची गाडी पाचशे मीटर उतरली तर जी ऊर्जा निघते तिच्यात नळाचं २५ ते ३० लिटर पाणी उकळेल. एक मोठा बंब समजा. रिकाम्या गाडीला हाच आकडा अठरा-एकोणीस लिटरचा. ही उष्णता इंजिन, हवा आणि ब्रेक वाटून घेतात. तुम्ही चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलला उतरलात तर इंजिनाचा वाटा जवळपास संपतो आणि सगळा बंब ब्रेकवर तापतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिनाचा आवाज वाढला तरी चालेल. ब्रेकवर पाय ठेवून घासत येऊ नका. दाबा, वेग पाडा, सोडा, गार होऊ द्या.

पॅडल खोल जाणं मात्र वासाच्या पुढची पायरी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी त्याच दर्जाची अट १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, ते दबतात, आणि तुमचा पाय खाली जातो पण जोर चाकापर्यंत पोचत नाही. तीन वर्षांत तुम्ही ब्रेक ऑइल बदललं नसेल तर घाटात परत जायच्या आधी बदला. हा खर्च मात्र करायला मी स्वतः सांगेन. पुढचे पॅड आणि मागचे लायनरही त्याच वेळी उघडून बघून घ्या.

शॉकअपचं काय? शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही, ते स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम स्प्रिंगचं हलणं शांत करणं. तो ठरवतो गाडी किती वेगानं कलेल; किती कलेल हे वजन, उंची आणि स्प्रिंग ठरवतात. रिकाम्या गाडीत तुम्हाला तक्रार नाही, शॉकअपवर ऑइलचा ओघळ नाही, तर चारही एकदम जाण्याचं कारण मला दिसत नाही. त्याऐवजी एक साधं माप घ्या. टेप घेऊन मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, रिकाम्या गाडीत आणि भरलेल्या. फरक फार मोठा आला आणि आतला रबरी बंप स्टॉपर टेकलेला दिसला, तर समजा की स्प्रिंगला आणखी दबायला जागाच उरली नाही. वळणात स्टॉपर टेकला की मागचा भाग एकदम दगडासारखा कडक होतो आणि टायर सटकतो. ‘एकदम कलते आणि शेपूट मारते’ यातलं ‘एकदम’ पुष्कळदा हेच असतं.

स्प्रिंगच्या वेटोळ्यात बसवायचे रबरी बफर मिळतात, कुणीतरी तुम्हाला ते सुचवेलच. माझं मत त्यांच्या विरुद्ध आहे. मागचा भाग उचललेला दिसतो, म्हणून माणूस निर्धास्त होऊन आणखी भरतो. पण टायर, ब्रेक, बेअरिंग आणि एक्सल यांची क्षमता रबरानं वाढत नाही. आणि रिकाम्या गाडीत मागची बाजू उड्या मारते. पिकअपच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवून घेणाऱ्यांनाही मी हेच सांगतो.

बाहेरून सीएनजी बसवलेल्या गाड्यांसाठी जाता जाता एक सांगतो, कारण हल्ली तशा गाड्या फार येतात. डिकीतली साठ लिटरची पोलादी टाकी, स्टँड आणि गॅस मिळून सत्तर-ऐंशी किलो होतात आणि ते रोज, कायम, मागच्या चाकांच्या आसपास असतात. तुमच्या गाडीत तसं किट असेल तर डिकीचा हिशेब तिथंच अर्धा संपलाय असं धरून चला.

वजन कुठं आहे याचा विचार करून गाडी बनवणारे कसे बनवतात, हे टाटा नॅनोत छान दिसतं. इंजिन मागं होतं, म्हणून शेपूट जड. त्यांनी पुढं १३५ रुंदीचे आणि मागं १५५ रुंदीचे टायर दिले, म्हणजे मागची पकड कायम पुढच्यापेक्षा जास्त राहावी. अनेकांनी टायर बदलताना चारही सारखे बसवले आणि मग गाडी वाऱ्यात भरकटते म्हणून आले. इलेक्ट्रिक गाड्यांत उलटी गोष्ट: बॅटरीमुळं गाडी चांगली जड होते, पण ते वजन फरशीखाली, दोन्ही एक्सलच्या मध्ये. म्हणून ती वळणात कमी कलते. टायर मात्र लवकर खाते, आणि थांबवायला लागणारी ऊर्जा वजनाप्रमाणं वाढतेच.

त्या गिऱ्हाइकाचं पुढं काय केलं ते सांगतो, तुम्हीही तेच करू शकता. काट्याशेजारीच सगळं सामान उतरवलं. घरच्यांना ते आवडलं नाही, पण तासाभराचं काम होतं. वीस लिटरचा पाण्याचा जार आणि दहा किलोचं वाण सामान, जे चिपळुणात सहज मिळतं, ते परत पाठवलं. टपावरचं, काढलेलं कॅरिअर धरून, चाळीस किलो घरी गेलं. वर जे अंथरूण-पांघरूण होतं, तीस किलो, ते डिकीत वरच्या थरात आलं. तांदूळ, नारळ, मिक्सर असं चाळीस किलो जड सामान डिकीतून काढून मधल्या सीटच्या पायाशी, खाली फरशीवर, पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून घट्ट बसवलं. सीटवर नाही, ब्रेक मारल्यावर सीटवरचा तांदूळ माणसाच्या पाठीत येतो.

पुन्हा काट्यावर: १७४०. पुढं ८२०, मागं ९२०. एकूण ७० किलो कमी केले, पण मागचे ८० कमी झाले आणि पुढं दहा वाढले, कारण जड वस्तू पहारीच्या टोकावरून टेकूच्या आत आल्या. मागच्या टायरची हवा पट्टीप्रमाणं वाढवली. एकही सुटा भाग बदलला नाही. चिपळूणला पोचल्यावर त्यांनी फोन केला की वहिनींना या वेळी घाटात उलटी झाली नाही. माझ्या दृष्टीनं झोल कमी झाल्याचा तो काट्यापेक्षा चांगला पुरावा.

समोरच्यांच्या डिपरचं कारण तुम्हाला आता कळलंच असेल: शेपूट बसली की हेडलाइट वर बघतात. अनेक गाड्यांत स्टेअरिंगच्या उजव्या हाताला शून्यापासून पुढं आकडे असलेली एक छोटी चकती असते, बहुतेकांनी ती कधी फिरवलेलीच नसते. भरलेल्या गाडीला दोन-तीनवर आणा, प्रकाश खाली येतो.

ओव्हरटेकचं तुम्ही विचारलं नव्हतं, तरी लिहितो. इंजिन तेच, वजन दीडपट. म्हणजे चाळीसवरून ऐंशीला जायला रोज लागतो त्याच्या दीडपट वेळ, आणि तेवढाच जास्त रस्ता. पाटण–कोयनानगर पट्ट्यात एसटीच्या मागं अडकलात तर रोजच्या अंदाजानं बाहेर पडू नका. थांबवतानाही ब्रेकनी तीच दीडपट ऊर्जा खायची असते.

परतीला नारळ, तांदूळ, फणस असं जे मिळेल ते डिकीत कोंबलं जातं, आणि या वेळी घाट चढायचा असतो. ते पुन्हा मधल्या सीटच्या पायाशी लावा, मागची हवा सकाळी थंड टायरमध्ये बघा. एवढं करूनही झोल राहिला तर सामानासकट गाडी घेऊन या. मी रिकाम्या गाडीचं अलाइनमेंट रोजच करतो, तुमची मला भरलेली बघायचीय.